चूक कोणाच्या नावावर?

देवाच्या दहा आज्ञांपैकी आठवी आज्ञा आपण प्रथम कम्युनियनच्या वर्गात पाठ केली आहे. खोटी साक्ष देऊ नये, हे आपल्याला तेव्हापासून ठाऊक आहे. मात्र 'साक्ष' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे न्यायालय, साक्षीदाराचा पिंजरा आणि काळे कोट येतात. आपण कुठे कोर्टाची पायरी चढतो? त्यामुळे ही आज्ञा आपल्याला फारशी लागू नाही, अशी आपली समजूत होऊन बसते.

परंतु हल्ली साध्या माणसालाही साक्ष देण्याचा प्रसंग घरच्या जेवणाच्या टेबलावर येतो. गाडीच्या विम्याचा क्लेम फॉर्म समोर असतो आणि त्यात एक लहानसा प्रश्न असतो: अपघाताच्या वेळी गाडी कोण चालवत होते? उत्तरासाठी एकाच ओळीची जागा असते. त्या एका ओळीत माणसाची नीती तपासली जाते. आज आपण त्या एका ओळीचा विचार करू या.

एक उदाहरण

समजा, लग्नसराईचे दिवस आहेत. सतरा वर्षांचा मुलगा मांडवातून कोणालातरी आणायला म्हणून वडिलांची गाडी घेऊन निघतो. परवाना नाही, पण 'येते त्याला चालवायला' असे घरात सगळेच म्हणत असतात. वळणावर एका सायकलस्वाराला धक्का लागतो. त्याचा पाय मोडतो, गाडीचा पुढचा भाग चेपतो. रात्री घरात सगळे गप्प. सकाळी ओळखीचा एजंट येतो आणि सहज म्हणतो, "काका, कशाला घाबरता? तुम्हीच चालवत होता असं लिहा. लायसन्स तुमचं आहे, पॉलिसी तुमची आहे. क्लेम पास होईल, पोराच्या नावाला डागही लागणार नाही."

एजंट दुष्ट नाही आणि वडीलही दुष्ट नाहीत. दोघांनाही एका घराची अडचण दूर करायची आहे. प्रश्न कठीण आहे तो याचसाठी. दुष्टपणाने सांगितलेले खोटे ओळखणे सोपे असते. मायेपोटी सांगितलेले खोटे ओळखणे कठीण जाते.

नोंदीचा हिशेब

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार प्रत्येक वाहनाला 'थर्ड पार्टी' विमा सक्तीचा आहे. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला इजा झाली तर त्याला भरपाई मिळावी, हा त्याचा हेतू. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा. तो घेणे न घेणे आपल्या मर्जीवर आहे. या दुसऱ्या विम्यात वर्षभर क्लेम केला नाही तर पुढच्या वर्षी हप्त्यात सवलत मिळते, तिला 'नो क्लेम बोनस' म्हणतात. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५० टक्के. एक क्लेम केला की साधारणपणे ही शिडी पुन्हा तळापासून चढावी लागते.

इंग्लंडमध्ये हिशेब आणखी बारकाईने ठेवतात. वेगमर्यादा मोडली की दंडाबरोबर परवान्यावर गुण चढतात. तीन वर्षांत असे १२ गुण झाले तर सहसा निदान सहा महिने गाडी चालवायला बंदी होते. शिवाय विमा कंपनी मागच्या काही वर्षांतील गुन्हे विचारते आणि त्याप्रमाणे हप्ता वाढवते. आपल्या धर्मग्रामातील ज्या घरांतली मुले परदेशी नोकरीला आहेत, त्यांनी अशा गोष्टी फोनवर ऐकल्या असतील. तिथे चालकाच्या चुका त्याच्यामागोमाग जातात.

आपल्याकडे आजवर विम्याचा हप्ता मुख्यतः गाडीवरून ठरत आला, चालवणाऱ्याच्या वागण्यावरून नव्हे. जानेवारी २०२१ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाच्या एका कार्यगटाने वाहतुकीचे नियम मोडण्याशी हप्ता जोडावा अशी शिफारस मांडली आणि दिल्लीत प्रयोग करून पाहावा असे सुचवले. त्या आराखड्यात दारू पिऊन गाडी चालवण्याला १०० गुण होते, तर चुकीच्या जागी गाडी उभी करण्याला १०. त्यातली एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वाढीव हप्ता गाडीच्या नोंदणीकृत मालकाने भरायचा होता, मग चाक कोणाच्याही हातात असो.

आता गंमत पाहा. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुनी गाडी विकून नवी घेतली तरी तो आपल्याबरोबर येतो. चांगले वागल्याचे बक्षीस आपल्या नावावर राहावे, हे आपल्याला अगदी रास्त वाटते. मग वाईट वागल्याचा डाग तेवढा दुसऱ्याच्या नावावर का जावा?

तीन गुण आणि सत्त्याहत्तर डॉलर

ही केवळ कल्पनेतली गोष्ट नाही. ख्रिस ह्यून हे ब्रिटनचे एक मोठे राजकारणी, पुढे मंत्रीही झाले. मार्च २००३ मध्ये त्यांची गाडी वेगमर्यादा ओलांडताना कॅमेऱ्यात सापडली. आणखी तीन गुण चढले असते तर परवाना जाण्याची वेळ होती. तेव्हा गाडी आपण चालवत होतो असे त्यांच्या पत्नीने, विकी प्राइस यांनी, लिहून दिले आणि ते गुण आपल्या परवान्यावर घेतले. त्या नामवंत अर्थतज्ज्ञ. पुढे संसार मोडला आणि दडलेली गोष्ट बाहेर आली. ११ मार्च २०१३ रोजी दोघांनाही प्रत्येकी आठ महिन्यांच्या कैदेची शिक्षा झाली. ह्यून यांना मंत्रिपद आधीच सोडावे लागले होते, पाठोपाठ खासदारकीही गेली. आणि एवढे करून वाचवले काय? परवानासुद्धा नाही. त्याच वर्षी गाडी चालवताना मोबाइल वापरल्याबद्दल त्यांचा परवाना काही काळ गेलाच होता.

दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियाची. मार्कस आइनफेल्ड हे तिथल्या फेडरल कोर्टाचे निवृत्त न्यायाधीश, मानवी हक्कांसाठी झटलेले. जानेवारी २००६ मध्ये सिडनीत ५० च्या मर्यादेत ६० च्या वेगाने गेल्याबद्दल त्यांच्या गाडीला ७७ डॉलर दंड आला. त्यांनी शपथेवर सांगितले की गाडी एका जुन्या मैत्रिणीकडे होती. वर्तमानपत्राने शोध घेतला तेव्हा कळले, ती बाई २००३ मध्येच वारली होती. मग पहिले खोटे झाकायला दुसरे आले, दुसरे झाकायला तिसरे. मार्च २००९ मध्ये या माजी न्यायाधीशाला तीन वर्षांची शिक्षा झाली. आयुष्यभर ज्याने इतरांच्या साक्षी तोलल्या, तो स्वतःच्या एका साक्षीत बुडाला. रक्कम होती ७७ डॉलर.

असले मोठे लोक पकडले जातात, सामान्य माणसाकडे कोण पाहतो, असे कोणी म्हणेल. खरे आहे. बहुतेक वेळा कोणी पाहत नाही. पण पकडले जाण्याच्या भीतीने खरे बोलायचे असेल, तर ती नीती नव्हे, तो हिशेब झाला. म्हणून आपण असे धरून चालू की आपल्या उदाहरणातले वडील कधीच पकडले जाणार नाहीत. तरीही ती ओळख त्यांनी खोटी भरावी काय?

"कोणाचे काय बिघडले?"

पहिला युक्तिवाद असा: जखमी सायकलस्वाराला पैसे मिळाल्याशी कारण. नाव बापाचे असो की मुलाचे. उलट खरे सांगितले तर कंपनी हात वर करील आणि त्या गरिबाचेच नुकसान होईल.

ऐकायला हे दयाळूपणाचे वाटते. परंतु परवाना नसलेल्याने अपघात केला म्हणून जखमी माणूस वाऱ्यावर सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वरणसिंग प्रकरणात याचा सविस्तर विचार केला. कंपनीने आधी जखमीला भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश अपघात दावा न्यायाधिकरणाला देता येतो. म्हणजे खरे बोलल्याने सायकलस्वाराचे पैसे बुडतात असे नाही. ते आपल्या खिशातून जाण्याची शक्यता निर्माण होते, एवढेच. तेव्हा गरिबाची दया पुढे करून आपण राखतो आहोत ते आपले पाकीट, हे निदान स्वतःशी तरी मान्य करावे.

"कंपनीकडे पुष्कळ पैसा आहे"

दुसरा युक्तिवाद याहून जुना. कंपनी मोठी, आपण लहान. तिचे चार पैसे गेले तर काय झाले?

विमा म्हणजे शेवटी काय आहे? आपल्या बायका भिशी चालवतात, तशीच ती एक मोठी भिशी आहे. हजारो अनोळखी माणसे थोडे थोडे पैसे एकत्र टाकतात, म्हणजे त्यांच्यापैकी ज्याच्यावर आपत्ती येईल त्याला एकट्याने ती सोसावी लागू नये. भिशीत एकीने खोटे बोलून पैसे उचलले तर आपण 'भिशी श्रीमंत आहे' असे म्हणतो काय? त्या पैशांत रिक्षावाल्याचा हप्ता असतो, दुधाच्या टेम्पोवाल्याचा असतो, आणि वीस वर्षे एकही क्लेम न करणाऱ्या शेजारच्या गुरुजींचाही असतो. कंपनीला फसवणारा माणूस ज्यांना फसवतो त्यांचे चेहरे त्याला दिसत नाहीत, एवढाच काय तो फरक.

संत पौलाच्या गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात दोन गोष्टी अगदी जवळजवळ येतात. आधी तो सांगतो की एकमेकांची ओझी वाहा. तीनच वचनांनंतर म्हणतो की प्रत्येकाला आपला भार स्वतःच वाहावा लागेल. वाचणारा गोंधळतो. पण विम्याचे उदाहरण समोर ठेवले की दोन्ही जागच्या जागी बसतात. आपत्तीचे ओझे वाटून घ्यायचे असते, ते एकट्यावर टाकायचे नसते. कृतीची जबाबदारी मात्र वाटून घेता येत नाही आणि दुसऱ्याच्या अंगावर ढकलताही येत नाही. विमा पहिले काम करतो, नोंद दुसरे. नोंदीत खोटे घातले की दोन्ही बिघडतात.

"मी माझ्या मुलासाठी सोसतो"

तिसरा युक्तिवाद सर्वांत अवघड आहे, कारण तो थेट आपल्या श्रद्धेला हात घालतो. बाप म्हणतो, "मी खोटे बोलतो आहे ते स्वतःला वाचवायला नाही, उलट त्याचा दोष माझ्या अंगावर घ्यायला. प्रभु येशूने आपली पापे स्वतःवर घेतली नाहीत का? मग मी केले तर ते पाप कसे?"

या प्रश्नाला झटकून टाकू नये. दुसऱ्यासाठी सोसणे हे आपल्या धर्माचे हृदयच आहे. परंतु येशूने शिक्षा सोसली ती सत्य झाकून नव्हे. पिलातासमोर त्याने खोटे सांगितले नाही. पेत्राने नाकारले तर ते त्याने 'झालेच नाही' असे म्हटले नाही. पुनरुत्थानानंतर सरोवराकाठी पेत्राला तीन वेळा विचारले आणि तीन नकारांची आठवण ठेवूनच त्याला पुन्हा उभे केले. क्षमा आली, पण नाव बदलले गेले नाही. ज्याने नाकारले त्यालाच क्षमा मिळाली.

हाच धडा आपल्या उदाहरणातल्या बापाला घेता येईल. भार उचलणे वेगळे आणि नाव बदलणे वेगळे. बाप मुलासाठी पुष्कळ काही सोसू शकतो. भरपाईसाठी स्वतःचे पैसे देऊ शकतो, लागली तर गाडी विकू शकतो. मुलाला घेऊन सायकलस्वाराच्या घरी जाऊ शकतो, इस्पितळात त्याच्या उशाशी बसू शकतो. आणि किल्ली हाताशी ठेवण्याचा दोष तर त्याचा स्वतःचाच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदाही तेच मानतो: अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा मालक दोषी धरला जातो आणि २५ हजार रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बापाला सोसायचेच असेल तर त्याच्या वाट्याचे खरे सोसणे त्याची वाट पाहत आहे. 'गाडी मी चालवत होतो' हे वाक्य मात्र सोसणे नाही. मुलाच्या हातून घडलेली गोष्ट त्याच्या आयुष्यातून काढून घेणे आहे, आणि तिच्याबरोबर पश्चात्तापाची संधीही काढून घेणे आहे. जे आपण केलेच नाही असे कागदावर ठरले, त्याचे कुमसार मुलगा कोणत्या तोंडाने करील?

आणि ही सवय घरात थांबत नाही. बाप मुलाचा दोष प्रेमाने घेतो, पण मालकाचा दोष नोकराला नाइलाजाने घ्यावा लागतो. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण जीव घेतले. गाडी चालवणारा सतराच वर्षांचा होता असे पोलिसांनी म्हटले, आणि घरच्या ड्रायव्हरने गुन्हा अंगावर घ्यावा म्हणून त्याच्यावर दबाव आणल्याचा आरोपही ठेवला. आरोपाचे खरेखोटे ठरवणे न्यायालयाचे काम. परंतु तो ऐकून फारसे कोणी चकित झाले नाही, ही गोष्ट आपल्या समाजाबद्दल बरेच सांगून जाते. नावे बदलता येतात असे एकदा ठरले की शेवटी डाग नेहमी गरिबाच्या नावावर जातो. ज्याची रोजीरोटी परवान्यावर आहे, तोच परवाना पणाला लावायला त्याला सांगितले जाते.

नोंद आणि क्षमा

मग चुकांची नोंद ठेवणे हेच क्षमेच्या विरुद्ध नाही काय? देव पापे आठवत नाही आणि विमा कंपनी मात्र वर्षानुवर्षे आठवते, असे कोणी म्हणेल.

तसे पाहिले तर चांगली नोंद ही दयाळूच असते, कारण तिला मुदत असते. इंग्लंडमध्ये बहुतेक गुण चार वर्षांनी परवान्यावरून निघून जातात. दारू पिऊन गाडी चालवल्याची नोंद अकरा वर्षे राहते, पण तिलाही शेवट आहे. आपल्याकडे गेलेला बोनस पाच वर्षे सांभाळून चालवले की पुन्हा पन्नास टक्क्यांवर येतो. म्हणजे कागद सांगतो: तू चुकलास, हे खरे. आता नीट चालवून दाखव, मग विसरू. याउलट आपल्या गल्लीतल्या गप्पांना मुदत नसते. 'त्यानेच नाही का त्या सायकलवाल्याला उडवले?' हे वाक्य तीस वर्षांनीही ऐकू येते. क्षमेला विरोध करते ती नोंद नव्हे, तर ही न संपणारी कुजबूज. मुलाचे नाव कागदावर जाऊ नये असे बापाला वाटते, त्याला ही भीती कारण असते. त्या भीतीला आपण सर्व जण थोडेथोडे जबाबदार आहोत. खरे बोलणाऱ्या घराला आपण सांभाळून घेतले, तर खरे बोलणे सोपे होईल.

कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथ वेगाच्या वेडापायी किंवा दारूच्या नशेत स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यात घालणे हा गंभीर दोष मानतो. तो विषय पाचव्या आज्ञेखाली, म्हणजे खून न करण्याच्या आज्ञेखाली येतो. जून २००७ मध्ये व्हॅटिकनने वाहनचालकांसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यातल्या 'दहा आज्ञा' तेव्हा वर्तमानपत्रांत गाजल्या. काहींनी त्यांची थट्टाही केली. त्यांतली एक मात्र थट्टेवारी नेण्यासारखी नाही. दोषी चालक आणि अपघातात बळी पडलेला यांना योग्य वेळी समोरासमोर आणावे, म्हणजे क्षमेचा मुक्त करणारा अनुभव त्यांना मिळेल, असा तिचा आशय आहे. दोषी कोण हे नीट ठाऊक असेल तरच ही भेट होऊ शकते. खोट्या नावाने भेटायला गेलेल्या बापाला सायकलस्वार क्षमा करील, पण ती क्षमा मुलापर्यंत पोहोचणार नाही. ती चुकीच्या पत्त्यावर गेलेली असेल.

म्हणून बंधुभगिनींनो, घरात गाडी असेल तर दोन गोष्टी आजच कराव्यात. परवाना नसलेल्या हाती किल्ली जाणार नाही अशा जागी ती ठेवावी. आणि देव न करो, पण कधी तो फॉर्म समोर आलाच, तर त्या एका ओळीत काय लिहायचे हे आज, शांत डोक्याने, मुलांना बरोबर घेऊन ठरवावे. "तुझ्या हातून काही घडले तर आम्ही तुझ्याबरोबर उभे राहू, पैसे भरू, पोलीस ठाण्यात येऊ, पण नाव तुझेच लिहू," हे मुलाला आधीच सांगून ठेवलेले बरे. हे ऐकलेला मुलगा बहुधा किल्ली उचलण्यापूर्वी एकदा थांबेल. आणि तरीही चुकला, तर आपण एकटे पडणार नाही हे त्याला ठाऊक असेल. खरे बोलायला माणसाला याहून जास्त काही लागत नाही.